डोक्यावरचं आवाळू, मानेतली गंडमाळ: थायरॉईडचा कर्करोग भलत्याच जागी सापडतो तेव्हा

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय ते थोडक्यात असं. त्यांच्या आत्या, वय ५८. डोक्यावर उजव्या कानाच्या वर दोन वर्षांपासून लिंबाएवढं मऊ आवाळू होतं. दुखत नव्हतं, केस विंचरताना फणी अडखळायची एवढंच. चरबीची गाठ समजून काढायला घेतली तर रक्त थांबेना. सर्जननी छोटा तुकडा तपासणीला घेतला आणि टाके घालून थांबले. रिपोर्ट आला: ‘मेटास्टॅटिक फॉलिक्युलर कार्सिनोमा, थायरॉईड’, म्हणजे थायरॉईडमधून इथवर पसरलेला फॉलिक्युलर जातीचा कर्करोग. आता गळ्याचं ऑपरेशन करून थायरॉईड काढायला सांगितलंय. ताईंचे प्रश्न चार: गळ्याला काहीच नाही आणि थायरॉईडची रक्ततपासणी नॉर्मल आहे, मग रिपोर्ट चुकलाय का? गळ्यातला आजार डोक्यात जाईलच कसा? चांगली असलेली ग्रंथी का काढायची? आणि ही शेवटची स्टेज आहे का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पंचवीसेक वर्षं गाठींचे तुकडे आणि सुईचे नमुने बघते आहे. आत्यांच्या स्लाइड्स मी पाहिलेल्या नाहीत, तरी तुम्ही लिहिलेली हकिगत या आजाराला इतकी तंतोतंत जुळते की रिपोर्ट बरोबर असावा असंच मला वाटतं. हाताला मऊ, न दुखणारी, सुरी लागताच भळाभळा रक्त येणारी डोक्याच्या हाडावरची गाठ, आणि वय पन्नाशीच्या पुढे. अशी गाठ दिसली की आमच्यातले अनुभवी लोक आधी गळ्याला हात लावतात.

असं एक आवाळू माझ्याकडेच सुईच्या तपासणीला, म्हणजे एफएनएसीला आलं होतं. बाई साठीच्या, नांदेडकडच्या. चिठ्ठीवर लिहिलेलं ‘लायपोमा’. सुई आत गेली न गेली तोच सिरिंज रक्ताने भरली. मी सुई ओढून घेतली आणि कापूस दाबून दहा मिनिटं तशीच उभी राहिले. बोटांखाली गाठ ठोके देत होती, मनगटाची नाडी लागावी तशी. चरबीची गाठ ठोके देत नाही. दुसऱ्या हाताने गळा चाचपला तर थायरॉईडच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी टणक गाठ. विचारलं, ही कधीपासून? म्हणाल्या, “ही व्हय? ही तर लेकाच्या जन्माच्याही आधीपासून हाय.” स्लाइडवर त्या रक्तातून थायरॉईडच्या पेशींची वर्तुळं डोकावत होती.

आता पहिला प्रश्न, रिपोर्टचा. थायरॉईडची ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली फार देखणी दिसते. पेशींची एकेरी रांग वाटोळी उभी असते आणि आत कोलॉइड नावाचा गुलाबी रस भरलेला असतो. अशा शेकडो लहानमोठ्या वाट्या एकमेकींना चिकटलेल्या. यांनाच फॉलिकल म्हणतात. शरीरातला दुसरा कुठलाही नॉर्मल अवयव असा दिसत नाही. त्यामुळे कवटीच्या हाडाच्या चिपाट्यांमध्ये अशा वाट्या दिसल्या तर त्या थायरॉईडच्या आहेत हे ओळखणं बहुतेकदा अवघड जात नाही. अवघड जातं ते दुसरं. पुष्कळदा त्या पेशी इतक्या शांत, इतक्या नीटनेटक्या असतात की त्यांना कर्करोग म्हणायला मन धजत नाही.

ही अडचण जुनी आहे. युलियस कोनहाइम या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १८७६ साली एका रुग्णाचं वर्णन केलं. त्याच्या मते गळ्यात साधा कोलॉइडने भरलेला गलगंड होता आणि तसलंच थायरॉईड इतरत्र पसरलेलं होतं. साधा गलगंड पसरतो कसा, हे कोडं त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टरांना पडलं होतं, आणि ‘पसरणारा निरुपद्रवी गलगंड’ असं विचित्र नावही या आजाराला मिळालं. आज आपल्याला माहीत आहे की असा निरुपद्रवी गलगंड नसतो. तो फॉलिक्युलर कर्करोग असतो, फक्त त्याच्या पेशी दिसायला सभ्य असतात. म्हणून या प्रकारात आम्ही पेशीच्या चेहऱ्यावर जात नाही, ती कुठे सापडली ते बघतो. थायरॉईडची पेशी गळ्यात असेल तर ती घरी आहे. तीच पेशी कवटीत, मणक्यात किंवा मांडीच्या हाडात सापडली तर कितीही साळसूद दिसली तरी ती कर्करोगाचीच.

तुम्हाला शंका असेल तर एक पक्का मार्ग आहे. त्याच तुकड्यावर थायरोग्लोब्युलिनचा इम्युनो स्टेन, म्हणजे पेशीतलं ठरावीक प्रथिन रंगाने दाखवणारी तपासणी, करून घ्या. थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन फक्त थायरॉईडच्याच पेशी बनवतात. टीटीएफ-१ नावाचा स्टेनही करतात, पण तो फुफ्फुसाच्या कर्करोगातही उमटतो, आणि पॅक्स-८ मूत्रपिंडाच्या कर्करोगातही. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची हाडातली गाठही अशीच रक्ताळ असते, म्हणून ही शहानिशा महत्त्वाची. थायरोग्लोब्युलिन उमटलं की वाद मिटला.

“थायरॉईडची रक्ततपासणी नॉर्मल आहे” हे वाक्य मला आठवड्यातून चारदा तरी ऐकू येतं. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं, पिट्युटरी ग्रंथीतून येणारं हार्मोन; त्याची तपासणी ग्रंथी हार्मोन किती बनवते ते सांगते. ग्रंथीत गाठ आहे का, आणि ती कसली आहे, याबद्दल ती काहीही सांगत नाही. थायरॉईडच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांचा टीएसएच अगदी नॉर्मल असतो. आणि गळ्याला काही नाही म्हणजे हाताला काही लागत नाही. वीसेक ग्रॅमची ग्रंथी, श्वासनलिकेला बिलगून बसलेली. तिच्या मागच्या भागातली सेंटिमीटरभराची गाठ चांगल्या सर्जनच्या बोटालाही लागत नाही. आत्यांच्या गळ्याची सोनोग्राफी झाली नसेल तर आधी ती करा. बहुधा तिथे काहीतरी दिसेल.

गळ्यातून डोक्यात कसं, हे समजायला थायरॉईडच्या दोन मुख्य कर्करोगांचे स्वभाव बघावे लागतात. सगळ्यात जास्त आढळतो तो पॅपिलरी, शंभरात ऐंशीच्या आसपास. तो लसिकावाहिन्यांमधून जातो, म्हणजे आधी गळ्यातल्या लसिकाग्रंथींमध्ये, मग मानेच्या बाजूच्या लसिकाग्रंथींमध्ये. दुसरा फॉलिक्युलर, शंभरात दहा-पंधरा. हा लसिकाग्रंथींकडे सहसा बघतही नाही. तो आपल्या गाठीचं कवच फोडून शिरेत शिरतो आणि रक्ताबरोबर निघतो. शिरांचं रक्त हृदयातून फुफ्फुसात जातं, म्हणून फुफ्फुस ही एक जागा. तिथून पुढे निसटलेल्या पेशींना आवडतो तो लाल मज्जा असलेला हाडांचा प्रदेश: मणके, कंबरेचं हाड, बरगड्या, छातीचं मधलं हाड, कवटी. तिथे पेशी हाड पोखरतात आणि आपल्याभोवती रक्तवाहिन्यांचं दाट जाळं विणून घेतात. आत्यांच्या ऑपरेशनमध्ये रक्त थांबेना ते याच जाळ्यामुळे. म्हणून पुढे या गाठीचं मोठं ऑपरेशन ठरलं तर तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आदल्या दिवशी आतून बंद करता येतील का, हे नक्की विचारा. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट ते करतात, एम्बोलायझेशन म्हणतात त्याला.

या कवच फोडण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुष्कळ गैरसमज इथेच होतात. गळ्यातली फॉलिक्युलर गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे सुईच्या तपासणीत कळत नाही. सुईत फक्त पेशी येतात आणि त्या दोन्हीकडे सारख्याच दिसतात. फरक कवचावर असतो: पेशी कवच ओलांडून बाहेर आल्यात का, कवचातल्या शिरेत घुसल्यात का. ते बघायला पूर्ण गाठ काढून तिचं कवच सगळीकडून कापून तपासावं लागतं. म्हणून सुईच्या रिपोर्टमध्ये ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ असा शब्द आला की सर्जन अर्धी ग्रंथी काढायचा सल्ला देतात. लोकांना वाटतं डॉक्टरांनाच नक्की माहीत नाही. खरं म्हणजे त्या टप्प्यावर ते कुणालाच माहीत असू शकत नाही.

एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट मला विसरता येत नाही. रात्री कूस बदलताना मांडीचं हाड मोडलं. हाडाच्या तुकड्यात थायरॉईडच्या वाट्या. घरच्यांना विचारल्यावर कळलं की अकरा वर्षांपूर्वी थायरॉईडची एक बाजू काढली होती, रिपोर्ट ‘अ‍ॅडिनोमा’, म्हणजे साधी गाठ. मुलाने धावपळ करून जुना ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून जपलेला गाठीचा तुकडा, मिळवला. आम्ही त्याचे नव्याने पातळ काप घेतले. सातव्या की आठव्या कापात कवचातली एक शीर दिसली आणि तिच्या तोंडाशी पेशींची गुठळी, बाटलीला बूच बसावं तशी. पहिल्या वेळी कवचाचे दोनच तुकडे घेतलेले होते. तेव्हापासून माझ्या टेबलावर फॉलिक्युलर गाठ आली की तिचं कवच शक्यतो पूर्ण घ्यायचं, मग वीस ब्लॉक होवोत की तीस.

आता भलत्या जागी सापडलेलं प्रत्येक थायरॉईड कर्करोगाचंच असतं का? नाही, आणि इथे एक सोपा नियम कामाला येतो. गर्भात थायरॉईड गळ्यात तयार होत नाही. चौथ्या आठवड्यात ती जिभेच्या मुळाशी उगवते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास मधल्या रेषेने खाली सरकत गळ्यात येऊन बसते. त्या वाटेवर कुठे ती अडकून राहिली तर ते जन्मजात असतं. जिभेच्या मुळाशी लालसर फुगवटा असलेली मुलगी आली, तर तो कापायच्या आधी गळ्यात थायरॉईड आहे ना हे बघावंच लागतं, कारण कित्येकदा शरीरात तेवढीच एक थायरॉईड असते. जीभ बाहेर काढली की वर उचलली जाणारी गळ्याच्या मधोमधची गाठ, थायरोग्लॉसल सिस्ट, तीही त्याच वाटेवरची. तिच्यात शंभरात एखादीला कर्करोग निघतो. बीजांडकोशातही थायरॉईड सापडते, पण ती पसरून गेलेली नसते, टेराटोमा नावाच्या तिथल्याच गाठीत ती उगवलेली असते.

मधल्या रेषेवर असं माफ आहे. मानेच्या बाजूला माफ नाही. पूर्वी मानेच्या बाजूच्या गाठीत थायरॉईड सापडली की ‘भरकटलेली जन्मजात थायरॉईड’ म्हणून सोडून देत. पुढे लक्षात आलं की त्या लसिकाग्रंथी होत्या आणि आतली थायरॉईड पॅपिलरी कर्करोगाची होती. मूळ गाठ कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढी असल्याने कुणाच्या नजरेत आली नव्हती.

आपल्याकडे या बाजूच्या गाठींवर एक जुना शिक्का तयारच असतो: गंडमाळ. मानेत ओळीने गाठी म्हणजे टीबी, हे आजीलाही माहीत आणि गावच्या डॉक्टरांनाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण तपासणी न करता सहा महिने टीबीच्या गोळ्या चालू करणं मला अजिबात पटत नाही, आणि याची किंमत मोजलेले रुग्ण मी पाहिलेत. एक मुलगी, वय २३, लग्न ठरलेलं. उजव्या मानेत तीन गाठी. एका ठिकाणी सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. गाठी तशाच. मग आणखी तीन महिने. लघवी नारिंगी होऊन, मळमळ सोसून, आठ किलो वजन घटवून ती माझ्याकडे आली. ते वजन औषधाने घटलं होतं, पण घरात सगळे म्हणत होते की टीबीनेच खाल्लं. मोठ्या गाठीत सुई घातली तर सिरिंजमध्ये गडद तपकिरी पाणी आलं, कोऱ्या चहासारखं.

हा रंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. टीबीच्या गाठीतून सहसा पिवळट, दह्याच्या कवडीसारखा पू येतो. पॅपिलरी कर्करोग गाठीत शिरून तिथे पाण्याची पिशवी बनवतो, तिच्यात जुनं रक्त साठतं आणि म्हणून पाणी तपकिरी होतं. अडचण अशी की या पाण्यात पुष्कळदा पेशीच सापडत नाहीत आणि रिपोर्ट जातो ‘साधी सिस्ट’ म्हणून. त्यावर एक स्वस्त उपाय आहे. नमुना घेतलेली सुई मिलिलिटरभर सलाईनमध्ये धुवायची आणि त्या पाण्यात थायरोग्लोब्युलिन किती आहे ते मोजायचं. मानेच्या बाजूच्या गाठीत ते भरपूर निघालं तर दुसरं कुठलंही स्पष्टीकरण उरत नाही. त्या मुलीच्या बाबतीत सुदैवाने पेशीही मिळाल्या. पॅपिलरीची पेशी ओळखायची ती तिच्या केंद्रकावरून. ते फिकट, पोकळ काचेसारखं दिसतं आणि त्यावर लांबट खाच असते, गव्हाच्या दाण्यावर असते अगदी तशी. विद्यार्थ्यांना मी हेच सांगते, गहू हातात घेऊन बघा. मुलीचं ऑपरेशन झालं, किरणोत्सारी आयोडीनचा डोस झाला, लग्न वर्षभराने झालं. मागच्या दिवाळीत ती आपल्या मुलाला घेऊन भेटून गेली.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेत पहिल्यांदाच पाण्याची गाठ आली आणि ‘जन्मजात सिस्ट आहे’ असं कुणी म्हटलं, तर मला ते लगेच पटत नाही. जन्मजात गोष्ट चाळीस वर्षं वाट कशाला बघेल? कधी असतेही, पण आधी थायरॉईड आणि टॉन्सिल तपासा.

टीबीशी दुसरी गल्लत फुफ्फुसात होते. एक्स-रेवर दोन्ही बाजूंना बाजरीएवढे असंख्य ठिपके दिसले की त्याला मिलिअरी म्हणतात. हा शब्दच बारीक धान्यावरून आलाय. आपल्या देशात असं चित्र दिसलं की टीबी मनात येणारच. पण मिलिअरी टीबीचा रुग्ण खंगलेला असतो, तापाने फणफणलेला असतो. आणि थायरॉईडचा? दहा-बारा वर्षांचं पोर, फुफ्फुस भरून ठिपके, आणि ते मैदानावर क्रिकेट खेळून आलेलं. एक्स-रे आणि माणूस एकमेकांशी जुळत नसतील तर मानेला हात लावा. लहान मुलांत पॅपिलरी कर्करोग सापडतो तेव्हा तो मोठ्या माणसांपेक्षा जास्त पसरलेला असतो, आणि तरीही ही मुलं वर्षानुवर्षं चांगली जगतात. १९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईंच्या दुधातून मुलांच्या थायरॉईडमध्ये साठलं. पुढच्या काही वर्षांत बेलारूस आणि युक्रेनमध्ये हजारो मुलांना आणि किशोरांना हा कर्करोग झाला. पुष्कळांच्या मानेत आणि फुफ्फुसात तो पसरला होता. त्यातली फारच थोडी या आजाराने दगावली.

आता तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: गाठ डोक्यात, मग गळ्यातली ग्रंथी कशाला काढायची? याचं उत्तर आयोडीनमध्ये आहे. शरीरात आयोडीन ओढून साठवण्याची ताकद मुख्यतः थायरॉईडच्या पेशीत असते, आणि पसरलेल्या कर्करोगाच्या पेशीही हा गुण पुष्कळदा जपून ठेवतात. हे कळलं एका विलक्षण रुग्णामुळे. न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओर हॉस्पिटलमध्ये सॅम्युअल सायडलिन या डॉक्टरांकडे एक गृहस्थ आले. त्यांची थायरॉईड वीसेक वर्षांपूर्वी काढलेली, तरी हात थरथरत होते, वजन उतरत होतं, छाती धडधडत होती. म्हणजे थायरॉईड जास्त झाल्याची सगळी लक्षणं, आणि गळ्यात थायरॉईडच नाही! ते हार्मोन हाडांत आणि फुफ्फुसात पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी बनवत होत्या. सायडलिन यांनी १९४३ मध्ये त्यांना किरणोत्सारी आयोडीन दिलं. ते थेट त्या गाठींत जाऊन साठलं, दुखणं कमी झालं, वजन वाढू लागलं. १९४६ साली ही हकिगत प्रसिद्ध झाली आणि कर्करोगाच्या उपचारातलं एक नवं दालन उघडलं.

आत्यांच्या डोक्यातल्या पेशीही आयोडीन घेऊ शकतात, पण चांगल्या थायरॉईडइतक्या जोमाने नाही. गळ्यात ग्रंथी शाबूत असेल तर दिलेलं सगळं आयोडीन तीच गिळून बसेल आणि डोक्यापर्यंत काही पोचणार नाही. म्हणून आधी ग्रंथी पूर्ण काढायची, आणि मग आयोडीन. दुसरा फायदा: ग्रंथी गेल्यावर रक्तातलं थायरोग्लोब्युलिन फक्त उरलेल्या कर्करोगातूनच येऊ शकतं, म्हणून पुढची कित्येक वर्षं आजारावर लक्ष ठेवायला एक साधी रक्ततपासणी हाताशी राहते. तिसरा: नंतर थायरॉक्सिनची गोळी थोड्या वरच्या मात्रेत देऊन टीएसएच दाबून ठेवता येतो. टीएसएच हे या पेशींचं खत आहे, ते तोडायचं.

हे सगळं आपल्याकडे उत्तम होतं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे आणि तिथे थायरॉईड कर्करोगाच्या हजारो रुग्णांना आयोडीन दिलं गेलंय. आता इतर शहरांतही सोय आहे. तयारीच्या दोन गोष्टी मात्र घरच्यांनीच सांभाळाव्या लागतात. एक, तपासणीच्या नादात आयोडीनयुक्त डाय देऊन सीटी स्कॅन करून टाकू नका. त्या डायने पेशी आयोडीनने भरून जातात आणि उपचार दीड-दोन महिने पुढे ढकलावा लागतो. मेंदूजवळची गाठ म्हणून डायचा स्कॅन तातडीने लागणार असेल तर तो करावाच लागतो, पण तो निर्णय आयोडीन देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून व्हावा. एमआरआयच्या डायमध्ये आयोडीन नसतं. दोन, डोसच्या आधी एक-दोन आठवडे कमी आयोडीनचं जेवण: आयोडीनचं मीठ बंद, सुकट-बोंबील-मासे बंद, दूध आणि अंडी अगदी कमी. सैंधव चालेल म्हणून लोक आणतात, पण पाकिटावर ‘आयोडाइज्ड’ लिहिलेलं सैंधवही मिळतं, ते वाचून घ्या. दुकानातली फरसाण, पापड, लोणची यांतलं मीठ कुठलं हे कुणालाच ठाऊक नसतं, तेव्हा ती नकोच. डोस दिल्यावर काही दिवस वेगळ्या खोलीत एकटं राहावं लागतं. जेवण दाराशी ठेवतात, भेटायला कुणी नाही. आत्यांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाळीत टाकल्यासारखं वाटेल. या आयोडीनचं अर्धं आयुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायचा काळ, आठ दिवसांचं असतं आणि बरंचसं तर दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातं.

कवटीच्या गाठीबद्दल खास एक. आयोडीनच्या तयारीत टीएसएच वाढवतात तेव्हा गाठ काही दिवस सुजू शकते. ती हाड ओलांडून मेंदूच्या बाजूला टेकली असेल तर ही सूज धोक्याची ठरते. त्यामुळे आधी एमआरआय, गरजेनुसार आधी न्यूरोसर्जरी आणि डोसच्या वेळी स्टेरॉईडचं संरक्षण. मणक्यातल्या गाठींनाही हेच लागू. मणक्यात गाठ असलेल्या रुग्णाला पायात अचानक शक्ती कमी वाटली किंवा लघवी अडली तर ती त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायची वेळ असते.

थायरॉईडच्या बाकी दोन प्रकारांवर हे आयोडीनचं गणित चालत नाही. मेड्युलरी कर्करोग थायरॉईडमधल्याच पण वेगळ्या पेशींचा, कॅल्सिटोनिन नावाचं हार्मोन बनवणाऱ्या. याचे रुग्ण कधी कधी वर्षभर जुलाबासाठी पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत असतात, कारण गाठीतून सुटणारी द्रव्यं आतड्याला हलवत राहतात. याच्या चारातल्या एखाद्या रुग्णात तो घराण्यातून, आरईटी नावाच्या जनुकातून आलेला असतो. म्हणून मेड्युलरीचा रिपोर्ट लिहिते तेव्हा खाली मी नेहमी एक ओळ घालते: रक्ताच्या नातेवाइकांची तपासणी करावी. अशा घरांत मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतही गाठ असू शकते आणि ती न शोधता गळ्याचं ऑपरेशन केलं तर टेबलावर रक्तदाब भडकतो. दुसरा अ‍ॅनाप्लास्टिक, दुर्मीळ आणि अतिशय वाईट. वीस-पंचवीस वर्षं शांत असलेला गलगंड पंधरा दिवसांत दुप्पट होतो, आवाज घोगरा होतो, श्वास अडतो. इथे महिने मोजावे लागतात, म्हणून दिवस घालवायचे नसतात. काही रुग्णांत बीआरएएफ नावाचा जनुकबदल सापडतो आणि त्यांना गोळ्यांची जोडी लागू पडते, म्हणून तुकड्यावर ती तपासणी लगेच मागावी.

चौथा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण त्याचं उत्तर हो-नाही मध्ये देता येत नाही. थायरॉईडच्या या कर्करोगात स्टेज वयावर ठरते, असं शरीरात दुसरीकडे क्वचितच होतं. पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कर्करोग हाडांत, फुफ्फुसात पसरला असला तरी वय ५५ च्या आत असेल तर स्टेज दुसरी धरतात. त्यापुढे तीच चौथी. आत्या ५८ च्या, म्हणजे कागदावर चौथी स्टेज लिहिली जाईल. ती वाचून हबकू नका, आणि किरकोळ समजून बसूही नका. हाडातला आजार फुफ्फुसातल्या बारीक ठिपक्यांइतका आयोडीनला दाद देत नाही, तो मुळापासून जाईल असं वचन मी देणार नाही. पण गाठ एकच असेल, पूर्ण काढता आली आणि पेशी आयोडीन घेत असतील, तर हिशेब वर्षांचा असतो. पुढे कधी आयोडीन लागू पडेनासं झालं तरी लेनव्हाटिनिब, सोराफेनिबसारख्या गोळ्या आहेत, किरणोपचार आहेत, हाडं बळकट ठेवणारी इंजेक्शनं आहेत. इंजेक्शनं सुरू करण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, हलणारे दात आधीच काढून घेतलेले बरे. अंगात आणखी कुठे गाठी आहेत का, हे बघितल्याशिवाय कुणीही नेमका अंदाज सांगू शकणार नाही.

हे वाचून घरातल्या सगळ्यांची गळ्याची सोनोग्राफी करायला मात्र जाऊ नका. दक्षिण कोरियात अशी सरसकट तपासणी सुरू झाली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कर्करोगाचे नवे रुग्ण पंधरा पटींनी वाढले आणि मृत्यूंचा आकडा जिथे होता तिथेच राहिला. जन्मभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठींसाठी हजारो लोकांचे गळे कापले गेले. थायरॉईडमध्ये सापडणाऱ्या बहुतेक गाठी साध्याच असतात. तपासायचं ते हाताला लागणारी गाठ असेल, आवाज तीन आठवड्यांवर बसलेला असेल, जुना गलगंड वाढू लागला असेल, मानेत बाजूला गाठ आली असेल, तर.

ताई, आता या आठवड्याचं काम. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथून स्लाइड्स आणि ब्लॉक लेखी अर्ज देऊन मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. थायरोग्लोब्युलिनचा स्टेन झाला नसेल तर जिथे पुढचे उपचार होणार तिथेच तो करून घ्या आणि तिथल्या पॅथॉलॉजिस्टला स्लाइड्स पुन्हा बघायला सांगा. गळ्याची सोनोग्राफी, रक्तातलं थायरोग्लोब्युलिन, डोक्याचा एमआरआय एवढं आधी. आणि ब्लॉक नेताना एक काळजी घ्या. तो मेणाचा असतो. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, वितळतो. पाण्याची थंड बाटली असते त्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून ठेवा.